चौकटीत चौकट, आणि नाव कोणाचे?

वर्गात एक छोटा खेळ करून पाहण्यासारखा आहे. फळ्यावर काहीही न लिहिता मुलांना एक राशी तोंडी सांगायची: ‘अ भागिले ब अधिक क’. मुलांनी ती वहीत अपूर्णांकाच्या रूपात लिहायची. मग वह्या पाहायच्या. काहींनी अ च्या खाली फक्त ब लिहून पुढे ‘अधिक क’ लिहिलेले असते. काहींनी अ च्या खाली लांब रेघ ओढून तिच्याखाली ‘ब अधिक क’ असे दोन्ही घेतलेले असते. आता अ = १२, ब = २ आणि क = ४ धरा. पहिल्या मांडणीचे उत्तर १० येते, दुसरीचे २.

यात मुलांचा दोष नाही. फळ्यावर लिहिले असते तर अपूर्णांकाची रेघ किती लांब आहे हे सगळ्यांना एका नजरेत कळले असते. कोण कोणाच्या पोटात आहे, हे ती रेघ सांगत असते. बोलताना रेघ गळून पडते आणि उरते ती एकामागून एक येणाऱ्या शब्दांची ओळ. डोळ्यांना मांडणी मिळते, कानांना क्रम मिळतो.

या लेखात आपण पाहणार आहोत ती गोष्ट अशाच एका गळून पडलेल्या रेघेची आहे. फरक इतकाच, की ती फळ्यावरची नसून संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावरची आहे. अंध माणसाला पडदा ऐकवायचा कसा, हा प्रश्न गेली चाळीसहून अधिक वर्षे सोडवला जात आहे. त्याचे उत्तर शोधताना प्रत्येक टप्प्यावर कोण कोणाच्या पोटात आहे, हाच मुद्दा पुन्हा पुन्हा आडवा आलेला दिसतो.

सपाट पडद्याचे दिवस

१९८१ मध्ये आयबीएम कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. त्याच्या पडद्यावर साधारणपणे अक्षरांच्या २५ ओळी मावत आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे. म्हणजे पडदा हा २००० घरांचा एक मोठा चौकोनी कागदच होता. प्रत्येक घरासाठी संगणकाच्या स्मृतीत दोन बाइट राखून ठेवलेले असत. एका बाइटमध्ये त्या घरातल्या अक्षराचा सांकेतिक आकडा, दुसऱ्यात त्या अक्षराचा रंग वगैरे. सगळा पडदा ४००० बाइटमध्ये संपला!

अशा पडद्याचे वाचन करणे तत्त्वतः सोपे होते. स्मृतीतली ही ४००० बाइटची पाटी वाचायची, आकड्यांवरून अक्षरे ओळखायची आणि ती कृत्रिम आवाज काढणाऱ्या यंत्राकडे पाठवायची. हे काम ज्यांनी आरंभी केले त्यांत आयबीएमच्या न्यूयॉर्क राज्यातील संशोधन केंद्रातले दोन गणिती होते, जेसी राइट आणि जिम थॅचर. राइट अंध होते. मिशिगन विद्यापीठात ते थॅचर यांचे मार्गदर्शक होते. गुरू-शिष्य दोघेही पुढे एकाच कंपनीत आले आणि आपल्या टेबलावरचा संगणक बोलका करण्याच्या मागे लागले. १९८४ च्या सुमारास तयार झालेली त्यांची आज्ञावली नंतर ‘आयबीएम स्क्रीन रीडर’ या नावाने बाहेर आली. व्याकरण शिकवणाऱ्यांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट पुढे घडली. या विशेषनामाचे सामान्यनाम झाले. आज पडदा वाचून दाखवणाऱ्या कोणत्याही आज्ञावलीला स्क्रीन रीडर म्हणतात. आम्ही तिला या लेखात पडदावाचक म्हणू.

अमेरिकेतच फ्लोरिडा राज्यात टेड हेंटर नावाचे एक अभियंते होते. ते मोटारसायकलच्या शर्यतीत भाग घेत. १९७८ मध्ये अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यांनी संगणकाचा अभ्यास केला, १९८७ मध्ये एका भागीदाराबरोबर कंपनी काढली आणि १९८९ मध्ये ‘जॉज’ हा पडदावाचक आणला. अशा साधनांमुळे अंध माणसे कार्यालयांत पत्रे लिहू लागली, हिशेब ठेवू लागली, प्रोग्राम लिहू लागली. सपाट पडदा त्यांच्या बाजूचा होता.

चित्रे आली आणि अक्षरे हरवली

जानेवारी १९८४ मध्ये ॲपल कंपनीचा मॅकिन्टॉश आला. १९९० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोजची तिसरी आवृत्ती आली आणि चित्रांचा पडदा घरोघरी जाऊ लागला. आता पडद्यावर खिडक्या उघडू लागल्या, बटणे आली, छोटी चित्रे आली. डोळसांना हे फार सोयीचे झाले. पण स्मृतीतल्या पाटीचे काय झाले?

ती पाटी बदलली. पूर्वी एका घरात ‘अ’ या अक्षराचा आकडा असे. आता तिथे फक्त रंगीत ठिपके होते. काही ठिपके मिळून ‘अ’ होतो हे डोळ्यांना कळते, पण स्मृती वाचणाऱ्या आज्ञावलीला तो ठिपक्यांचा ढीगच दिसतो. ज्या अंध कर्मचाऱ्यांची कार्यालये जुनी पद्धत सोडून विंडोजकडे वळली, त्यांच्यापुढे थेट नोकरीचा प्रश्न उभा राहिला. कालपर्यंत जे काम हातचे होते, ते यंत्र बदलल्यामुळे हातातून निसटत होते.

यावर जी तोड काढली गेली ती मोठी चतुर होती. कोणतीही आज्ञावली पडद्यावर अक्षरे उमटवताना मूळ प्रणालीला सांगते, की अमुक शब्द, अमुक जागी, अमुक आकारात काढ. पडदावाचकाने हा निरोप वाटेतच ऐकायचा आणि आपल्या खासगी पाटीवर नोंद करून ठेवायची, की या जागी हा शब्द आला, ही खिडकी बंद झाली, तिच्यातले शब्द पुसले. म्हणजे पडद्याच्या आड दुसरा, अक्षरांचा पडदा तयार ठेवायचा. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली सिस्टिम्स या कंपनीने मॅकिन्टॉशसाठी ‘आउटस्पोकन’ हा पडदावाचक काढला, तो चित्रांचा पडदा वाचणारा पहिला. डिसेंबर १९९१ च्या ‘बाइट’ मासिकात आयबीएमच्या रिच श्वेर्टफेगर यांनी पडद्याआडच्या पाटीची ही कल्पना विस्ताराने मांडली. १९९५ मध्ये विंडोजसाठीचा ‘जॉज’ही आला.

तोड चतुर असली तरी तिला एक मर्यादा होती. पाटीवर शब्द आणि त्यांच्या जागा होत्या, नाती नव्हती. एका अर्जात ‘जन्मतारीख’ हा शब्द आहे आणि त्याच्या उजवीकडे एक रिकामा चौकोन आहे. तो चौकोन जन्मतारखेचाच आहे, हे कशावरून? पडदावाचक अंदाज बांधत असे, की डावीकडचा जवळचा शब्द बहुधा याचे नाव असेल. पुष्कळदा तो बरोबर येई. पण शब्द चौकोनाच्या वर लिहिलेला असला, की अंदाज फसे आणि ऐकणारा भलत्याच रकान्यात भलतेच लिहून बसे. छपाईच्या चित्रासारखी जी नुसती चित्रे होती, त्यांच्यात तर अक्षरेच नव्हती. वापरणाऱ्याने कोणा डोळसाला विचारून त्या चित्राला स्वतः नाव देऊन ठेवायचे, एवढीच सोय.

पुण्याचे रामन

त्याच काळात या प्रश्नाकडे वेगळ्या दिशेने पाहणारे एक गृहस्थ पुण्यात शिकून अमेरिकेत गेले होते. त्यांचे नाव टी. व्ही. रामन. चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयात त्यांनी गणित घेतले, पवईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकले, आणि १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता गणिताचे लेखन ऐकवणारी प्रणाली. तिचे नाव ‘ॲस्टर’.

आपला सुरुवातीचा खेळ इथे पुन्हा आठवावा. रामन यांनी छापील पानाच्या ठिपक्यांपासून सुरुवात केली नाही. गणिती लेख ज्या लेटेक या सांकेतिक लिपीत टाइप केले जातात, तो मूळ मजकूर त्यांनी घेतला. त्यात अपूर्णांकाचा अंश कुठे संपतो आणि छेद कुठे सुरू होतो, हे लिहिणाऱ्याने स्पष्ट सांगितलेले असते. ॲस्टर त्यातून राशीची वंशावळ तयार करते. सर्वांत वर अपूर्णांक, त्याची दोन मुले अंश आणि छेद, छेदाच्या पोटात बेरीज, बेरजेची दोन मुले ब आणि क. मग ही वंशावळ आवाजात उतरवायची. घातांक आला की आवाजाची पट्टी वर चढे. रेघेचे काम स्वराने केले!

१९९५ मध्ये रामन यांनी ‘ईमॅक्स्पीक’ ही आज्ञावली सर्वांना खुली केली. तिच्यामागचा विचारही तोच होता. पडदा आधी रंगवायचा आणि मग तो रंगवलेला पडदा कोणीतरी वाचायचा, हा उलटा प्रवास कशाला? जी आज्ञावली माहिती दाखवते, तिला त्या माहितीची घडण मुळातच ठाऊक असते. तिनेच बोलावे. दिनदर्शिका दाखवताना तिला ठाऊक असते, की हा आकडा म्हणजे तारीख आहे आणि तिचा वार मंगळवार आहे. मग ‘१२’ एवढेच न म्हणता वार आणि महिना यांसह तारीख सांगता येते.

अंदाजाऐवजी विचारणा

हळूहळू मोठ्या कंपन्याही याच वाटेने आल्या. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये अशी सोय केली, की पडदावाचकाने चालू आज्ञावलीला काही ठरावीक प्रश्न विचारावेत आणि तिने उत्तरे द्यावीत. तुझ्या या वस्तूचे नाव काय? ती काय आहे, बटण की रकाना? तिची आत्ताची अवस्था काय, खूण केलेली आहे की नाही? तिचे पालक कोण आणि तिच्या पोटात कोणती मुले आहेत? पडद्याआडची पाटी जाऊन तिथे एक वंशवृक्ष आला. ॲपलने २००५ मध्ये मॅकबरोबरच ‘व्हॉइसओव्हर’ हा पडदावाचक द्यायला सुरुवात केली. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ हा पडदावाचक लिहायला घेतला. तो विनामूल्य आहे. महागडे पडदावाचक परवडत नाहीत अशा शाळांना आणि विद्यार्थ्यांना त्याचा मोठाच आधार झाला.

या बदलाबरोबर एक जबाबदारीही हलली. तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. अंदाजाच्या काळात चूक झाली तर ती पडदावाचकाची असे. विचारणेच्या काळात उत्तर देणे हे आज्ञावली लिहिणाऱ्याचे काम झाले. त्याने बटणाला नाव दिले नसेल, तर जगातला कोणताही पडदावाचक ते नाव नेमके सांगू शकत नाही. आणि नाव दिले नाही म्हणून त्या लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या पडद्यावर काहीही बिघडलेले दिसत नाही. चूक राहते ती अशी, की करणाऱ्याला दिसत नाही आणि भोगणाऱ्याला सुधारता येत नाही.

गुळगुळीत काच

२००७ मध्ये आयफोन आला. त्याच्यावर आकडे-अक्षरांच्या कळा नव्हत्या, होती ती एक गुळगुळीत काच. बोटांनी चाचपून काही कळेल अशी एकही खूण तिच्यावर नाही. अंधांना हा फोन कायमचा बंद झाला, असेच अनेकांना वाटले. पण जून २००९ मध्ये आलेल्या आयफोन ३जीएसमध्ये व्हॉइसओव्हर होता. त्याची युक्ती साधी होती. एका बोटाने काचेवर कुठेही स्पर्श केला की तिथे काय आहे ते फोन बोलतो, उघडत मात्र नाही. बोट उजवीकडे सरकवले की पुढची वस्तू बोलली जाते. हवी ती वस्तू आली की दोनदा टिचकी मारायची, मग ती उघडते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अँड्रॉइडच्या १.६ या आवृत्तीत सुगम्यतेची सोय आली. सुगम्यता म्हणजे इंग्रजीतली ॲक्सेसिबिलिटी, सगळ्यांना वापरता येईल अशी व्यवस्था. अँड्रॉइडवरच्या ‘टॉकबॅक’ या पडदावाचकामागे गूगलमध्ये काम करणारे आपले रामन आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन होते. आरंभी टॉकबॅकला काचेवरचा स्पर्श कळत नसे. फोनवर दिशेच्या कळा किंवा फिरता गोळा असावा लागे. काचेवर बोट फिरवून ऐकण्याची सोय २०११ च्या अँड्रॉइड ४.० मध्ये आली आणि तिच्याबरोबरच पडदावाचकाला वस्तूंचा पूर्ण वंशवृक्ष विचारता येऊ लागला.

हजेरीचे ॲप

आता या वंशवृक्षाच्या एका फांदीवर जरा थांबू. मोबाइलच्या ॲपमध्ये पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट ही एक आयताकृती चौकट असते. प्रोग्राम लिहिणारे तिला व्ह्यू म्हणतात. चौकटीच्या पोटात चौकटी, त्यांच्या पोटात आणखी चौकटी, अशी रचना असते. बाहेरच्या चौकटीला पालक म्हणतात, आतल्या चौकटींना मुले.

समजा, शाळेच्या हजेरीचे एक ॲप आहे. वर्गात ४० मुले. प्रत्येक मुलासाठी एक ओळ. ओळ ही बाहेरची चौकट आणि तिच्या पोटात चार चौकटी: मुलाचे छायाचित्र, हजेरी क्रमांक, नाव आणि ‘हजर’ हे बटण. शाळेतल्या एक शिक्षिका अंध आहेत आणि त्या पडदावाचक लावून हजेरी घेणार आहेत. ॲप लिहिणाऱ्याला आता प्रत्येक चौकटीबद्दल काही गुणधर्म ठरवायचे असतात. ही चौकट ऐकणाऱ्यासाठी स्वतंत्र वस्तू आहे का? असल्यास तिचे नाव काय? ती कोणत्या प्रकारची आहे? तिची अवस्था काय?

पहिली चूक अशी होते. लिहिणारा भल्या हेतूने बाहेरच्या ओळीलाच ‘वस्तू’ ठरवतो आणि तिला ‘क्रमांक १२’ असे छान नाव देतो. आयफोनवरचा नियम असा आहे, की पालक वस्तू ठरला की त्याच्या पोटातली मुले पडदावाचकाला दिसत नाहीत. त्याच्या दृष्टीने ती ओळ म्हणजे एक बंद डबा. परिणाम असा, की बाईंना ‘क्रमांक १२’ ऐकू येते, पण ‘हजर’ हे बटण शोधूनही सापडत नाही. डोळसांना ते समोर दिसत असते.

दुसरी चूक याच्या उलट. बाहेरच्या ओळीला वस्तू ठरवलेच नाही आणि आतल्या चारही चौकटी सुट्या सोडल्या. आता ४० मुलांसाठी १६० थांबे झाले. शिवाय प्रत्येक चौथा थांबा ‘हजर, बटण’ असा बोलतो. कोणाचे बटण? नाव आधीच्या थांब्यावर राहिले. बोट थेट बटणावर पडले तर ते कोणाचे हे कळायला मार्ग नाही. आपल्या खेळातल्या ‘अधिक क’सारखीच ही गत आहे. शब्द बरोबर, पण तो कोणाच्या पोटातला ते हरवले.

अँड्रॉइडवर नियम थोडा निराळा आहे. तिथे ओळच टिचकी मारण्याजोगी असेल आणि तिला स्वतःचे नाव दिलेले नसेल, तर टॉकबॅक तिच्या पोटातला साधा मजकूर गोळा करून एका दमात वाचतो. पण ज्या मुलाला स्वतःची टिचकी आहे, जसे आपले बटण, ते पोटात असूनही वेगळा थांबा म्हणून उरते. त्यामुळे बाहेरच्या ओळीलाही ‘क्रमांक १२, हजर’ असे नाव दिले आणि आत बटणही ठेवले, तर तीच गोष्ट दोनदा ऐकू येते. एकच ॲप दोन्ही फोनांसाठी लिहिताना एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडे जशीच्या तशी चालेल, असे धरून चालता येत नाही.

तिसरी चूक सर्वांत घातक. लांब यादी दाखवताना फोन ४० ओळींच्या ४० चौकटी करत नाही. पडद्यावर मावतील तेवढ्याच, दहा-बारा चौकटी करतो आणि यादी सरकली की वर गेलेली चौकट खाली आणून तिच्यात नवा मजकूर भरतो. लिहिणाऱ्याने नवे छायाचित्र, नवे नाव भरले, पण पडदावाचकासाठी दिलेले नाव बदलायचे राहिले, तर काय होईल? पडद्यावर क्रमांक २७ दिसतो आणि ऐकू येतो क्रमांक १२. बाई दोनदा टिचकी मारतात आणि भलत्याच मुलाची हजेरी लागते. बटण न सापडणे ही अडचण आहे. इथे मात्र यंत्र विश्वासाने खोटे सांगते आणि ठपका बाईंच्या अंधत्वावर येतो.

दुरुस्ती कशी करायची? गुणधर्मांची यादी समोर ठेवून एकेक खूण करत गेल्याने ती होत नाही. आधी एक साधा प्रश्न विचारावा लागतो: माणसाच्या मनात ‘एक गोष्ट’ म्हणजे काय? हजेरी घेणाऱ्याच्या मनात एक मूल म्हणजे एक गोष्ट असते. म्हणून ओळ हीच वस्तू ठरवावी. तिचे नाव क्रमांक आणि मुलाचे नाव मिळून व्हावे. छायाचित्रातून कानाला नवे काही मिळत नाही, ते पडदावाचकापासून लपवावे. ‘हजर’ किंवा ‘गैरहजर’ ही नावात न कोंबता अवस्था म्हणून द्यावी आणि ओळीवर दोनदा टिचकी मारली की ती अवस्था बदलावी. चौकटीत नवा मजकूर भरताना हे सगळे गुणधर्मही त्याच वेळी नव्याने भरावेत. १६० थांब्यांचे ४० झाले आणि प्रत्येक थांबा पूर्ण वाक्य बोलू लागला.

ही साधने लिहिणाऱ्यांच्या हाती एकदम आली नाहीत. एखाद्या चौकटीसकट तिची सगळी मुले पडदावाचकापासून लपवण्याची सोय आयफोनवर २०११ मध्ये आली, अँड्रॉइडवर २०१३ मध्ये. एका ओळीला ‘हजर’, ‘उशिरा’, ‘पालकांना कळवा’ अशा एकाहून अधिक कृती जोडण्याची सोय दोन्हीकडे २०१४ मध्ये झाली. हा क्रम पाहिला की वाटते, प्रत्येक सोय म्हणजे आधीच्या एखाद्या अडचणीचे उत्तर आहे.

गुणपत्रिकेचा घोळ

एक शेवटचे उदाहरण, तेही शाळेतलेच. पडद्यावर तीन चौकटी शेजारी शेजारी आहेत. प्रत्येकीत वर विषय आणि खाली गुण. मराठी ७२, गणित ६५, विज्ञान ८१. डोळा प्रत्येक चौकट वरून खाली वाचतो, कारण चौकटीची रेघ त्याला तसे सांगते. पडदावाचकाला ती रेघ माहीत नसेल तर तो डावीकडून उजवीकडे, मग खालच्या ओळीत असा जातो. ऐकू येते ते असे: मराठी, गणित, विज्ञान, बहात्तर, पासष्ट, एक्याऐंशी. तीन विषय असतील तर मनात जुळवता येईल. सहा विषय, प्रत्येकाचे लेखी आणि तोंडी गुण, त्यांची बेरीज आणि श्रेणी असेल तर? दहावीचा निकाल स्वतः ऐकायला बसलेल्या मुलाला शेवटी तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. यावरचा उपाय एवढाच, की प्रत्येक विषयाच्या चौकटीला एक गट ठरवायचे. आयफोनवर ही सोय २०१२ पासून आहे. काम दोन-चार ओळींचे असते.

हे कोणाचे काम?

२०११ च्या जनगणनेत भारतात दृष्टीचे अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख होती. आज पैसे देणे, प्रवेशाचे अर्ज भरणे, शिष्यवृत्ती, रेल्वेचे तिकीट ही कामे काचेवर आली आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती-तंत्रज्ञानाची सुगम्यता हा हक्काचा विषय केला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याही पुढे जाऊन सांगितले, की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे नाव न दिलेले बटण ही आता केवळ गैरसोय राहिलेली नाही.

आपण शिक्षक मंडळी ॲप लिहीत नाही, मग आपण यात काय करणार, असे कोणी विचारील. आम्हाला वाटते, दोन गोष्टी सहज करता येतील. पहिली म्हणजे परीक्षा घेणे, ते तर आपले रोजचेच काम. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी या भागात टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर असते. ते चालू केले की सगळी खूणभाषा बदलते, म्हणून चालू करण्याआधी बंद कसे करायचे ते पाहून ठेवावे. एका टिचकीने वस्तू निवडली जाते, दोन टिचक्यांनी उघडते, हे लक्षात असले की अडकायला होत नाही. मग शाळेत वापरायच्या ॲपवर डोळे मिटून बोट उजवीकडे सरकवत जावे आणि तीन प्रश्न विचारावेत. प्रत्येक वस्तूला नाव आहे का? ती कोणाची आहे हे तिथल्या तिथे कळते का? डोळ्यांना जे बटण दिसते, त्यापाशी कानांना पोहोचता येते का?

दुसरी गोष्ट म्हणजे आढळलेली चूक नेमक्या शब्दांत कळवणे. ‘तुमचे ॲप अंधांना वापरता येत नाही’ असे मोघम लिहिल्याने फारसे काही होत नाही. ‘हजेरीच्या ओळीवर क्रमांक बोलला जातो, पण आतले हजर हे बटण निवडता येत नाही’ असे लिहिले, तर ॲप लिहिणाऱ्याला कोणती चौकट उघडायची ते लगेच कळते. त्याला ती चूक कधी दिसलेलीच नसते. कोणीतरी ती त्याला ऐकवावी लागते.

आणि तो वर्गातला खेळ झाल्यावर मुलांना एक काम जरूर द्यावे. ‘अ भागिले ब अधिक क’ हे फळा न वापरता, कोणाचाही घोळ होणार नाही असे बोलून दाखवायचे. कोणी ‘अ भागिले, कंसात ब अधिक क, कंस पुरा’ म्हणेल. कोणी ‘भागिले’नंतर क्षणभर थांबेल. कोणी आवाज बदलेल. मुले जे करतील तेच काम राइट, थॅचर आणि रामन यांनी संगणकाकडून करवून घेतले, हे त्यांना मग सांगता येईल.